मोटर गेली, असं कोण म्हणतं?

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडून इंजिनाकडे गंभीरपणे पाहतो, टायरवर बूट आपटतो, दाराच्या कडेला नख लावून रंग पुन्हा मारलाय का याचा अंदाज घेतो. आरसे मिटण्याचं बटण मात्र क्वचितच कुणी दाबतं. मग व्यवहार होतो, गाडी नावावर चढते, आणि सोसायटीच्या दोन खांबांमधून ती आत घालताना लक्षात येतं की डावा आरसा निमूट मिटला आणि उजवा नुसताच कुरकुरला. गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात मिळतं: "मोटर गेली, पूर्ण आरसा बदलावा लागेल." पूर्ण आरसा म्हणजे काच, कवच, इंडिकेटर, मोटर आणि पाया असा सगळा संच. त्याची किंमत ऐकली की बरेच जण काच खाली करून हाताने आरसा मिटायची सवय लावून घेतात. पुढे पाहूच, ही सवयही आरशाला मानवत नाही.

मोटर सहसा गेलेली नसते. हे ठामपणे म्हणता येतं ते एका साध्या हिशोबाच्या जोरावर. आरसा मिटायला तीन-चार सेकंद लागतात. दिवसातून दोनदा मिटला आणि दोनदा उघडला, तर मोटर धावली जास्तीत जास्त सोळा सेकंद. म्हणजे वर्षाला दीड तासाच्या थोडं वर, आणि दहा वर्षांत सोळा तास. स्वयंपाकघरातला मिक्सर एवढं काम काही महिन्यांत उरकतो आणि तरी वर्षानुवर्षं चालतो. आता दुसरा हिशोब. चालकाचं दार दिवसाला दहा वेळा उघडलं, तर दहा वर्षांत ते साडेछत्तीस हजार वेळा उघडतं आणि तितक्याच वेळा बंद होतं. दर वेळी दारात जाणाऱ्या वायरी बिजागरीपाशी वाकतात आणि सरळ होतात. या दोन आकड्यांपैकी कोणता आधी त्रास देईल, हे ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही.

दारावरचे आरसे विजेवर मिटवण्याची गरज आपल्याकडे तशी उशिरा निर्माण झाली. मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, पुढे ओम्नी म्हणून घरोघरी ओळखली गेली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. तिचे आरसे मिटवायचे ते हातानेच, आणि ते कुणाला कधी खटकलं नाही. त्याच १९८४ साली जपानमध्ये निस्सानने लॉरेल या गाडीला विजेवर मिटणारे आरसे दिले. जगात हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याला एक मजेदार पार्श्वभूमी आहे. जपानमध्ये १९८३ पर्यंत दारावर आरसे लावायला परवानगीच नव्हती; ते पुढे, बॉनेटच्या दोन्ही कडांना लावलेले असत. नियम सैल झाला, आरसे दारांवर आले आणि गाड्या एकदम रुंद झाल्या. तिथल्या गल्ल्या आणि यांत्रिक पार्किंगचे मजले मात्र होते तेवढेच राहिले. तेव्हा वर्षभरातच आरशाला मोटर लागली यात नवल नाही. आपल्याकडे २०१६ साली आलेल्या इनोव्हा क्रिस्टाच्या वरच्या मॉडेलांपासून पुढच्या सात-आठ आसनी गाड्यांमध्ये ही सोय सर्रास दिसू लागली. त्यातल्या पहिल्या फळीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत. बिघाडही त्यांच्याबरोबरच पोचले.

आरशाच्या पोटात काय आहे ते नीट समजलं तर निम्मं निदान आपोआप होतं. आरशाकडून दोन अपेक्षा असतात आणि त्या एकमेकींच्या विरोधात जातात. एक्स्प्रेस वेवर वारा त्याला सतत मागे ढकलत असतो, तरी तो थरथरताही कामा नये. पण एखादा सायकलवाला किंवा पादचारी त्याला आपटला, तर मात्र त्याने चटकन माघार घ्यायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४६ मध्ये यासाठी आरशावर लंबकाचा ठोका मारून पाहण्याची चाचणी आहे. म्हणजे आरशाचं वळणं हे फक्त पार्किंगच्या सोयीसाठी नाही. माणसाला कमी लागावं, हा त्याचा मूळ हेतू आहे.

पहिली अपेक्षा वर्म गिअरने भागवली आहे. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असलेला एक दंडगोल बसवलेला असतो, तो वर्म. वर्म फिरला की त्याला टेकलेली गरारी फिरते. पण गरारी फिरवून वर्म फिरवायचा म्हटलं तर तो जागचा हलत नाही. त्यामुळे वारा कितीही रेटो, मोटरला वीज न देताही आरसा जागेवर घट्ट राहतो. बहुतेक आरशांत अशा दोन टप्प्यांनी मोटरचा वेग कमी केलेला असतो. शेवटची मोठी गरारी दाराला पक्क्या असलेल्या एका पोकळ दांड्याभोवती बसते. गंमत अशी की ही गरारी एरवी फिरतच नाही. फिरते ती मोटर. आरशाच्या कवचात बसलेली मोटर त्या स्थिर गरारीच्या दातांवरून चालत स्वतःच दांड्याभोवती प्रदक्षिणा घालते आणि आरशाला बरोबर नेते. काचेच्या, हीटरच्या, इंडिकेटरच्या सगळ्या वायरी त्याच पोकळ दांड्यातून वर येतात.

दुसऱ्या अपेक्षेसाठी क्लच आहे. मोठी गरारी दांड्याला वेल्डने किंवा खिळ्याने जोडलेली नसते. तिच्यावरचे उंचवटे दांड्यावरच्या खाचांत बसलेले असतात आणि वरून एक जाड स्प्रिंग त्यांना दाबून धरते. आरशाला धक्का बसला की उंचवटे खाचांतून वर चढतात, 'कट्' असा आवाज होतो आणि आरसा वळतो. आपण हाताने मिटतो तेव्हाही हेच होतं. फक्त यात मोटरला काही कळत नाही. तिच्या लेखी आरसा अजून उघडाच आहे.

आणि आरसा थांबतो कसा? त्याला ना डोळा आहे ना मोजपट्टी. बऱ्याच गाड्यांत तो आडोशाला टेकतो, मोटर अडते आणि अडल्याबरोबर ती जास्त वीज ओढू लागते. मोकळी धावताना साधारण अर्धा अँपिअर, अडली की त्याच्या काही पट. आरशाच्या आतली किंवा दारातली छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी ही वाढ ओळखते आणि पुरवठा तोडते. निदानाच्या दृष्टीने याइतकी उपयोगी माहिती दुसरी नाही. कारण जुनं ग्रीस घट्ट झालं, सांध्यात गंज बसला, धूळ अडकली, तरी मोटर तेवढीच अडते, तेवढीच वीज ओढते, आणि पट्टी समजते की आरसा पोचला. आरसा अर्ध्यावर थांबतो तो यामुळे. उलट, आत गरारीच घसरत असेल तर मोटरला अडायला काही उरतच नाही. वीज वाढत नाही, पट्टीला काही समजत नाही, आणि पुरवठ्याची ठरलेली वेळ संपेपर्यंत मोटर घरघरत राहते.

तेव्हा आधी कान लावायचा. इंजिन बंद, चावी ऑन, एसीचा पंखा बंद, गाडी शांत जागी. एकाने आत बसून बटण दाबायचं आणि दुसऱ्याने आरशाजवळ उभं राहायचं. काहीच आवाज नाही, म्हणजे वीज पोचत नाही किंवा मोटर खरोखरच मेली आहे. यातली पहिली शक्यता फार मोठी. दोन्ही आरसे एकाच वेळी मुके झाले असतील तर आरशांकडे बघूच नका. फ्यूज, बटण किंवा नियंत्रणाचा डबा पाहा. दोन मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत. मोटर घरघरते पण आरसा हलत नाही, म्हणजे आतली गरारी किंवा क्लच. आरसा निघतो आणि मध्येच थांबतो, पुन्हा बटण दाबलं की आणखी थोडा जातो, तर ग्रीस आणि गंज. कधी चालतो कधी नाही, आणि पावसाळ्यात जास्तच रुसतो, तर वायर किंवा पाणी. शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण गॅरेजला नेल्यावर तो हमखास नीट चालतो.

घरघरणाऱ्या आरशाला खोलण्याआधी एक बिनपैशाचा उपाय करून पाहावा. कुणीतरी येता-जाता आरशाला ठोका दिला, किंवा आधीचा मालक रोज हाताने मिटत होता, तर क्लचचे उंचवटे खाचांतून सुटून भलत्याच जागी टेकलेले असतात. असा आरसा ढिला लागतो, वेगात हलतो आणि बटणाला नीट प्रतिसाद देत नाही. बटणाने तो पूर्ण मिटवायचा, मग पूर्ण उघडायचा. तरी जमलं नाही, तर मोटर धावत असताना हाताने त्याच दिशेला हलका आधार द्यायचा. उंचवटे खाचेत परत बसले की 'खट्' असा दणदणीत आवाज येतो. नवख्याला वाटतं काहीतरी मोडलं, पण तोच दुरुस्तीचा आवाज असतो. हा प्रयोग लागोपाठ फार वेळा करू नये. काही गाड्यांत मोटर तापू नये म्हणून संरक्षण असतं. सारखं उघड-मीट केलं की ती काही मिनिटं प्रतिसादच देत नाही, आणि चांगला आरसाही बिघडल्यासारखा वाटतो.

आता मुक्या आरशाकडे येऊ. पुण्यात नाना पेठेत एका वायरमनकडे अशीच एक गाडी आली होती. मालक तरुण, इंटरनेटवरून पूर्ण अभ्यास करून आलेला.

"काका, मोटर जळाली असणार. नवी टाकायला किती?"

"जळाली असती तर वास आला असता, साहेब. तुम्ही आत बसा आणि बटण दाबून ठेवा."

काकांनी ना पाना उचलला ना मीटर. दार अर्धवट उघडून ते सावकाश मागे-पुढे करत राहिले. एका ठरावीक कोनात आरसा दचकून हलला आणि थांबला. पुन्हा तोच कोन, पुन्हा तोच झटका. "बघा, मोटर जिवंत आहे," एवढंच म्हणून ते चहाला गेले.

दार आणि गाडीच्या खांबामध्ये घड्या असलेली एक काळी रबरी नळी असते. दाराकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. नळीचं एक टोक बोटाने सोडवून मागे सरकवलं की वायरी दिसतात, आणि बाहेरून बहुतेक वेळा त्या अगदी नव्या दिसतात. फसवणूक इथेच होते. आतल्या तांब्याच्या बारीक तारा वाकून वाकून एकेक करून तुटलेल्या असतात, पण वरचं प्लास्टिक शाबूत असतं. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणायची. चांगली वायर ताणली जात नाही. आत तुटलेली वायर मात्र किंचित लांबते, आणि सोडली की परत येते. आतलं तांबं संपलेलं असतं आणि बोटांत फक्त प्लास्टिक असतं. एकदा हा फरक हाताला कळला की पुन्हा विसरत नाही.

मीटरही इथे फसवतो. वायरीतल्या दहा-वीस तारांपैकी एकच शाबूत असेल, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच वीज घेत नाही. मोटरने अर्धा अँपिअर मागितला की ती एक तार हात टेकते. त्यामुळे जुने वायरमन मीटरपेक्षा दोन वायरी जोडलेला ५ वॉटचा साधा बल्ब पसंत करतात. हा बल्ब साधारण तेवढीच वीज ओढतो जेवढी धावती मोटर ओढते, म्हणजे चाचणी खऱ्या ओझ्याखाली होते. बल्ब लख्ख पेटला तर वायर ठीक; मिणमिणला तर वायर खराब, मग मीटर काहीही म्हणो. बल्ब लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिटण्याच्या मोटरला सहसा दोनच वायरी असतात आणि त्यांतली कुठलीही कायमची अर्थिंग नसते. मिटताना एकीवर प्लस येतो, उघडताना दुसरीवर. बटण सोडलं की दोन्ही शांत. त्यामुळे बल्बची एक वायर गाडीच्या बॉडीला लावून न तपासता, बल्ब त्या दोन वायरींच्या मध्येच लावायचा आणि दोन्ही दिशांना बटण दाबून पाहायचं. दोन्ही वेळा पेटला तर आरशापर्यंत सगळं ठीक आहे आणि दोष आरशात आहे. एकदाच पेटला तर बटण किंवा नियंत्रण पाहावं.

तुटलेली वायर जोडताना सर्रास होणारी चूक म्हणजे तुटली तिथेच पीळ देऊन वर टेप गुंडाळणं. काही महिन्यांत ती पुन्हा तुटते. तिथेच सोल्डर केलं तर आणखी लवकर, कारण सोल्डरमुळे वायर ताठ होते आणि ताठ भाग जिथे संपतो तिथेच वाकण्याचा सगळा ताण येतो. जोड वाकणाऱ्या भागात असताच कामा नये. एक जोड दाराच्या आत, दुसरा गाडीच्या खांबाच्या आत, आणि मधल्या नळीतून त्याच जाडीचा नवा, मऊ वायरीचा तुकडा. जोडांवर हीट श्रिंक स्लीव्ह. काम कंटाळवाणं आहे, नळीतून वायर ओढताना बोटं दुखतात, पण एकदाच करावं लागतं. आणि एक वायर तुटली असेल तर शेजारच्या वायरीही तेवढ्याच वेळा वाकल्या आहेत, हे लक्षात घेऊन त्यांनाही एकदा ताणून पाहावं. पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉक त्यातच असतात.

सेकंडहँड गाडीत आणखी एका पाहुण्याची शक्यता धरूनच चालावं. खालच्या मॉडेलला वरच्या मॉडेलचे आरसे लावणं, किंवा गाडी लॉक केली की आरसे आपोआप मिटावेत म्हणून एक छोटा डबा बसवणं, हे अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातलं रोजचं काम. काम वाईटच असतं असं नाही. पण तो डबा लॉकच्या वायरींवरून इशारा घेतो आणि आरशाच्या दोन वायरींवर स्वतःची वीज सोडतो. हे करताना मूळ बटणाकडून येणाऱ्या वायरी तोडून डब्यातून फिरवून न्यायला हव्यात. घाई असली की दुकानदार वायरी न तोडता वरूनच चिमटे मारतो. मग बटण शांत असताना त्याच्या बाजूने दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या आणि डबा त्यांतल्याच एकीवर प्लस सोडतोय, असा प्रकार होतो. गाडी लॉक करताच फ्यूज उडतो. नवा टाकला की पुन्हा उडतो. असा फ्यूज जास्त अँपिअरचा टाकून गप्प करणारे महाभागही आहेत, आणि मग वायर तापते. तेव्हा स्टिअरिंगखाली किंवा दाराच्या पॅडमध्ये डकवलेला, कंपनीच्या वायरिंगशी न जुळणाऱ्या रंगाच्या वायरी असलेला डबा सापडला, तर बाकी काही तपासण्याआधी तो पूर्ण काढून मूळ वायरी जशाच्या तशा जोडून पाहावं. जुन्या गाड्यांतल्या आरशांची दुखणी कितीदा तरी इथेच संपतात.

मूळ वायरिंगही सगळ्या गाड्यांत इतकं सरळ नसतं. युरोपी कंपन्यांच्या बऱ्याच गाड्यांत बटण थेट मोटरला वीज देत नाही. ते दारातल्या संगणकाला निरोप देतं. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आरसा उघडायची वेळ आलीच, तर आधी बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबावं. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे सेन्सर असतात, त्यांच्याशी खेळ नको. नुसता मोटरचा भाग बघायचा असेल तर बहुतेक वेळा दाराचा पॅड काढावाच लागत नाही. काच आणि कवच काढलं की पुरतं. काच आतून प्लास्टिकच्या पकडींवर बसवलेली असते. तिच्यावर आधी कागदी टेपच्या चार-पाच पट्ट्या मारायच्या, म्हणजे फुटली तरी विखरत नाही. मग आतली कड दाबून काच तिरकी करायची आणि बाहेरच्या कडेला तयार झालेल्या फटीत प्लास्टिकची चपटी पट्टी घालून हलके उचलायची. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला की काच गेलीच म्हणून समजा. थंडीत प्लास्टिक कडक होतं, म्हणून सकाळी लवकर हे काम काढू नये. गाडी तासभर उन्हात उभी केली तरी फरक पडतो. काच सुटली की मागे हीटरच्या दोन पिना असतात. त्या ओढताना काचेच्या मागची पत्री दुसऱ्या हाताने धरावी, नाहीतर पत्रीसकट उपटून येतात.

पूर्ण आरसा काढायचा असेल, तर दाराचा पॅड आणि आरशामागचं त्रिकोणी कव्हर काढावं लागतं. आत साधारण तीन नट, बहुधा दहाच्या पान्याचे. शेवटचा नट काढताना बाहेरून आरसा कुणीतरी धरलेला हवा. नटही हाताखाली कापड धरूनच काढावा. एकदा दाराच्या पोकळीत पडला की तो शोधणं हे वेगळंच काम होतं. आरसा सुटला की त्याच्या पायाखालचा फोमचा पट्टा नीट पाहावा. हा पट्टा फाटलेला किंवा आधीच्या दुरुस्तीत गायब झालेला असेल, तर पावसाचं पाणी वायरीच्या कडेने थेट कनेक्टरमध्ये उतरतं. मुंबई-कोकणातल्या गाड्यांत अशा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप आरशाच्या खालच्या फटीत रोखला, तरी भर मेमध्येही हेच होतं. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, बारीक ब्रशने घासून, वाळवून मगच निष्कर्ष काढावा.

आता खुद्द मोटरचा डबा. वरचं झाकण प्लास्टिकच्या अडक्यांवर बसलेलं असतं; ते काढलं की मोटर, वर्म, मधली गरारी आणि मोठी गरारी एका नजरेत दिसतात. घरघरणाऱ्या आरशात दोष बहुधा वर्मपाशी असतो. काही मॉडेलांत हा वर्म प्लास्टिकचा असतो आणि धातूच्या बारीक दांड्यावर दाबून बसवलेला असतो. दाबून बसवल्यामुळे तो कारखान्यातून निघाल्यापासूनच ताणाखाली असतो. त्यात उन्हाळ्यात बंद कवचातली उष्णता, वरून ग्रीस, आणि अनेक वर्षं. एक दिवस त्याच्या लांबीवर केसाएवढी चीर पडते. आटे शाबूत, दाते शाबूत, वर्म जागेवर, पण दांडा त्याच्या आत मोकळा फिरतो. चीर नुसती पाहून दिसत नाही. मोटरचा दांडा चिमट्याने धरायचा आणि वर्म नखाने फिरवायचा. वर्म जागच्या जागी फिरला तर निदान पक्कं. सुपर ग्लूने हा वर्म चिकटवणारे पुष्कळ भेटतील. तो डिंक काही दिवस टिकतो, कारण चीर बंद झालेली नसते, फक्त भरलेली असते, आणि प्रत्येक वेळी आरसा आडोशाला टेकला की ती पुन्हा उघडते. त्याच मापाचा धातूचा वर्म मिळाला तर उत्तम. काही लोकप्रिय मॉडेलांसाठी तो सुटा मिळतो. दात मोजून, व्यास मोजून घ्यावा. एका दाताचा फरक असेल तर गरारी त्याला स्वीकारत नाही.

एक भाग मात्र घरी उघडू नये, तो म्हणजे क्लचची स्प्रिंग. ती दांड्याच्या टोकाला पत्र्याच्या लॉकने दाबून बसवलेली असते आणि चांगलीच जोरकस असते. प्रेसशिवाय ते लॉक उपटलं तर स्प्रिंग डोळ्याच्या दिशेने उडू शकते. क्लचचे उंचवटे झिजलेले असतील, तर पूर्ण मोटर-डबा बदलणं शहाणपणाचं.

आरसा अर्ध्यावर थांबत असेल तर गरारी बदलू नका, ती साफ करा. जुनं ग्रीस खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं लावायचं. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे नको. ते जड असतं आणि धूळ धरून ठेवतं. सांध्याच्या बाहेरच्या गोल फटीत साचलेली माती आणि पांढरट गंजही काढावा. समुद्रकाठच्या गावांतल्या गाड्यांत, रत्नागिरी असो की पणजी, नुसत्या या सफाईने आरसा पुन्हा पूर्ण मिटू लागतो.

एवढं करूनही मोटर-डबा बदलायची वेळ आली, तर नवा पूर्ण संच हा शेवटचा पर्याय ठेवावा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात मंगळवार पेठेत कापलेल्या गाड्यांचे आरसे मिळतात. तिथे जाताना कनेक्टरच्या पिना मोजून जावं. काच फिरवायला सहसा तीन पिना, मिटायला दोन, हीटरला दोन, इंडिकेटरला दोन. कॅमेरा असेल तर आणखी. आरसा बाहेरून हुबेहूब असतो आणि पिना कमी निघतात, हा अनुभव तिथे रोज कुणाला तरी येतो. दुकानदाराकडे बॅटरी असतेच; मिटण्याच्या दोन पिनांना ती लावून आरसा तिथेच दोन्ही दिशांना चालवून घ्यावा. दुकानदाराने खळखळ केली तरी त्याला "घरी जाऊन बघतो" म्हणू नये.

काचही बदलणार असाल तर तिची वक्रता पाहा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे बाहेरच्या आरशाच्या वक्रतेची त्रिज्या १,२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. त्यापेक्षा जास्त फुगीर काचेत मागचा ट्रक आहे त्यापेक्षा फार लांब वाटतो. फुटपाथवर मिळणाऱ्या कापीव काचा कधी साफ सपाट असतात, कधी नको तेवढ्या फुगीर. जुनी आणि नवी काच शेजारी ठेवून एकाच खांबाचं प्रतिबिंब पाहिलं की फरक लगेच कळतो.

सगळं परत बसवण्याआधी, पॅड अजून बाहेर असतानाच, आरसा बटणाने दोन्ही बाजूंना चालवून पाहावा आणि दुसऱ्या आरशाशी ताडून बघावा. दोघांच्या वेळेत थोडा फरक चालतो; एक मिटून झाल्यावर दुसरा अजून वाटेतच असेल, तर सांध्यात कुठेतरी घर्षण उरलं आहे. दारातला प्लास्टिकचा पडदा जसा होता तसाच चिकटवून टाकावा. पाणी अडवणं हे त्याचं काम आहेच, शिवाय ज्या गाड्यांच्या दारात धक्का ओळखणारा दाबाचा सेन्सर असतो तिथे तो फाटका असून चालत नाही. आणि पॅड ठोकून बसवण्यापूर्वी आत पडलेल्या क्लिपा मोजून काढाव्यात. एखादी राहिली तर खिडकीची काच खाली घेताना ती खडखडते, आणि मग पुढच्या आठवड्यात कुणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगतं की पॉवर विंडोची मोटर गेली.